दवाईच्या रिकाम्या बाटल्या अन् ग्रामसभेचं काम



धानावर तुडतुडा आला की फवारणी होते अन् रिकाम्या बाटल्या धुऱ्यावरच पडून राहतात. पाऊस त्या बोडीत नेतो. तिथंच ढोरं पाणी पितात, पोरं मासे धरतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर शेतकरी-शेतमजूर मेले. विष किती जालीम, हे वेगळं सांगायला नको.

हक्क म्हणजे फक्त पट्टा नव्हे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ५ नं पाण्याचे स्रोत जपायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तो वापरू. लाखांदूर तालुक्यातल्या गावागावांनी ठराव घेऊन फवारणीनंतरचा एक दिवस ठरवावा. फवारतानाच बाटली तीनदा खंगाळून ते पाणी पंपात ओतायचं, मग बाटलीला भोक पाडायचं. हातमोजे घालून पोत्यात भरायच्या, कुलपात ठेवायच्या. पोरांना लांब ठेवायचं. जाळायच्या नाहीत, धूरही विषारीच.

कीटकनाशक नियम, १९७१ नं विल्हेवाटीची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवरही टाकली आहे. पोती मोजा, ठरावाची नक्कल जोडा अन् तालुका कृषी अधिकाऱ्याला अर्ज द्या: कंपनीला माल उचलायला लावा. नफा त्यांचा अन् विष आमच्या बोडीत, हे चालणार नाही!