काचा उतरवाव्यात की वातानुकूलन चालवावे?

सुरत शहरातून भरूच-बडोद्याकडे निघालेल्या बहुतेक मोटारी कामरेजच्या चोकडीस महामार्गावर चढतात. एके काळी बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातील एक महाल असलेले हे गाव आज वाहनांच्या गर्दीमुळेच अधिक ओळखले जाते. शहरापासून येथवरचे सुमारे २० किलोमीटर अंतर थांबत-थबकत कापावे लागते. पुढे तापी ओलांडताच वेग वाढतो. गाडीत वातानुकूलन यंत्र चालवावे की काचा उतरवून इंधन वाचवावे, या जुन्या वादाचा उलगडा याच दोन टप्प्यांच्या तुलनेने होतो, असे आम्हांस वाटते.

आपल्या व्यापारी बंधूंस ही गोष्ट हिशेबाच्या भाषेत सांगितलेली बरी. वातानुकूलन यंत्र आपले भाडे ताशी घेते, आणि वारा आपली वसुली किलोमीटरमागे करतो. यंत्रातील दाबक इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. त्याचा भार मुख्यतः बाहेरच्या उष्म्यावर अवलंबून असतो, गाडीच्या वेगावर थोडाच. समजा, त्यास ताशी अर्धा लिटर इंधन लागले. ताशी २० किलोमीटर वेगाने तो खर्च किलोमीटरमागे २५ मिलिलिटर पडेल. ताशी ८० ने जेमतेम ६. वाऱ्याचे गणित याच्या उलट आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यास तोंड देण्यास लागणारी शक्ती आठपट. उघड्या काचांतून आत शिरलेला वारा या विरोधात भर घालतो. ती भर शहरात नगण्य असते, महामार्गावर मात्र जाणवते.

म्हणून शहरात काचा आणि महामार्गावर यंत्र, असा सोपा नियम प्रचलित झाला. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा सल्लाही साधारणतः असाच आहे. परंतु ताशी अमुक किलोमीटरला दोन्ही खर्च समान होतात, असे ठासून सांगणाऱ्यांवर आमचा विश्वास नाही. २००४ साली जनरल मोटर्सच्या अभियंत्यांनी एक सलून गाडी आणि एक उंच बांध्याची गाडी घेऊन ही तुलना केली. काचा उघडल्याने सलूनचे नुकसान अधिक झाले, उंच गाडीचे अल्प. तरीही एकंदरीत यंत्राचाच खर्च जास्त भरला. जिचा आकार मुळातच वाऱ्यास आडवा, तिला उघड्या खिडकीने आणखी काय बिघडणार?

सुरतेच्या हवेत आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. समुद्र जवळ असल्याने येथील हवा दमट, आणि हवेतील पाणी काढून टाकण्यातही यंत्राची बरीच शक्ती खर्ची पडते. फार उष्ण हवेत यंत्रामुळे गाडीचे इंधनमान चतुर्थांशाहूनही अधिक घटू शकते, असे उपरोक्त खाते सांगते. तेव्हा उन्हात तापलेली गाडी प्रथम काचा उघडून दोन-चार मिनिटे चालवावी, कोंडलेली उष्णता बाहेर जाऊ द्यावी, मग यंत्र सुरू करून आतलीच हवा फिरती ठेवावी. यात कसलीच गैरसोय नाही.

मात्र खरी उधळपट्टी धावत्या गाडीत होतच नाही. शेठ पेढीत सौद्यास बसतात आणि खाली गाडी यंत्रासह गुरगुरत उभी राहते. उभ्या गाडीचे इंजिन तासाला सुमारे १ ते २ लिटर इंधन पिऊ शकते आणि अंतर शून्य! येथे मालक चालकास ‘एसी बंद कर’ म्हणतो, हे हिशेबाने योग्यच; पण मग त्या माणसाने वैशाखात पत्र्याच्या डब्यात बसावे काय? ज्या पेढीस इंधनाची बचत हवी, तिने चालकांसाठी पंखा, पाणी आणि सावलीचे बाकडे ठेवावे. दोन लिटर इंधनाच्या किमतीपुढे एका पंख्याच्या दिवसभराच्या विजेचा खर्च किरकोळ आहे.

मालमोटारींविषयी तर आम्ही याहून स्पष्ट बोलू. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढून १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालमोटारींत चालककक्ष वातानुकूलित असणे बंधनकारक केले. यावर ‘डिझेल वाढेल, भाडे वाढेल’ ही तक्रार ऐकू येते. डिझेल काहीसे वाढेल, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु कापडाचे तागे घेऊन जाणाऱ्या त्या उंच, सपाट तोंडाच्या गाडीस वाऱ्याचा विरोध आधीच एवढा असतो की काचा उघड्या असोत वा बंद, फरक थोडाच पडतो. तिथे तुलना खिडकी व यंत्र यांची नव्हे. डिझेलचे चार पैसे आणि इंजिनाच्या धगीजवळ आठ-दहा तास बसणाऱ्या माणसाची सावधानता यांची आहे. उष्म्याने ग्लानी आलेल्या चालकाच्या हाती आपण लाखोंचा माल आणि रस्त्यावरील परक्यांचे प्राण सोपवितो.

हा नियम जुन्या गाड्यांना लागू नाही, आणि आपल्यापैकी अनेकांचा माल अजून अनेक वर्षे जुन्याच गाड्यांतून जाणार. त्या गाड्यांत निदान चांगला पंखा आणि टपावर उष्णतारोधक थर बसवून घ्यावा, आणि भर दुपारचे दोन-तीन तास टाळून माल पहाटे किंवा रात्री उशिरा पोचला तरी चालेल, असे भाडे ठरविताना वाहतूकदारास लेखी कळवावे.