जुन्या जॅकेटला तेल पाजू नका

सनीव्हेलमध्ये तुमच्या कपाटात एखादं जुनं चामड्याचं जॅकेट असेल. धारावीतून आणलेलं, वडिलांनी दिलेलं, किंवा इथल्याच गराज सेलमध्ये घेतलेलं. आपल्या शेजारचं मोफेट फील्ड 1933 मध्ये नौदलाचा तळ म्हणून सुरू झालं, आणि 1994 मध्ये नौदल तिथून गेलं. इथल्या जुन्या घरांच्या सामानात वैमानिकाचं जॅकेटही निघू शकतं. त्यावर बिल्ला किंवा नावाची पट्टी असेल, तर ती उसवू नका.

आता महत्त्वाचं. आपल्याला कोल्हापुरीला तेल पाजायची सवय आहे. चप्पल कडक झाली की हात आपोआप तेलाच्या बाटलीकडे जातो. जॅकेटच्या बाबतीत तो आवरा.

कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. ते उघडं असतं, तेल पितं. जॅकेटचं चामडं बहुतेक वेळा क्रोम क्षारांनी कमावलेलं असतं. वर रंगाचा थर असतो, आत अस्तर. खोबरेल लावलं तर काळे डाग पडतात, अस्तर तेलकट होतं आणि थंडीत तेल गोठतं. शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल काही महिन्यांत खवट होतं, चिकटतं, धूळ धरतं. शिरलेलं तेल पुन्हा निघत नाही. तूपही नको.

वॉशिंग मशीन तर नकोच. चामड्यातला स्निग्धपणा धुऊन जातो. मग ड्रायरची ऊब लागली की ते आक्रसतं. ते पुन्हा पूर्वीसारखं होत नाही.

मग करायचं काय?

आधी खात्री करा की ते चामडंच आहे. रेक्झिन असेल तर ओलं फडकं पुरे. मखमलीसारखं लवदार चामडं असेल तर फक्त मऊ ब्रश फिरवा. त्याला पाणी किंवा क्रीम लावू नका.

खिसे रिकामे करा. चेनच्या कडेची आणि शिवणींतली धूळ ब्रशने झाडा. पांढरं सुती फडकं भिजवून घट्ट पिळा. आधी कॉलरच्या खालच्या बाजूला पुसून पाहा. फडक्याला रंग लागला तर तिथेच थांबा. नाही लागला तर हलक्या हाताने सगळं पुसा. कॉलर आणि बाह्यांच्या टोकांना घाम मुरलेला असतो, तिथे थोडा जास्त वेळ द्या.

मग सावलीत रुंद हँगरवर वाळू द्या. उन्हात नको, हीटरजवळ नको. पूर्ण सुकायला एक दिवस लागला तरी घाई करू नका.

सुकल्यावर लेदर कंडिशनर घ्या. तेही आधी लपलेल्या जागी लावून दुसऱ्या दिवशी पाहा. रंग बदलला नाही, तर फडक्यावर अगदी थोडं घेऊन पातळ हात फिरवा. उरलेलं कोरड्या फडक्याने पुसून काढा. चामडं मऊ असेल तर काही लावायची गरजच नाही. वर्षातून एकदा पाहिलं तरी चालतं.

हाताला लालसर भुकटी लागत असेल, तर चामडं आतून कुजलंय. कुठलंही क्रीम ते सुधारत नाही. चोळू नका, जाणकाराला दाखवा.

ठेवताना प्लास्टिकची पिशवी काढून टाका. जुन्या सुती साडीचा तुकडा वर घाला. गराजमध्ये ठेवू नका, उन्हाळ्यात ते तापतं. घडी घालून ट्रंकेतही नको, घडीवर भेगा पडतात.

जॅकेट पुण्याला किंवा मुंबईला कायमचं पाठवणार असाल, तर तिथल्या माणसांना पावसाळ्याबद्दल आधीच सांगा. बुरशी दिसली की तोंडाला मास्क लावून ते घराबाहेर ब्रशने झाडायचं आणि हवेशीर जागी टांगायचं. बंद कपाटात ती लगेच परत येते.

सनीव्हेलमध्ये पाऊस साधारण नोव्हेंबरात सुरू होतो. तुमचं जॅकेट त्याआधीच्या एखाद्या कोरड्या शनिवारी बाहेर काढा.