पहिल्या वर्षाचा हजेरीपट

यंदा महाराष्ट्रात गावोगावी १९७६ सालच्या पदवीधरांचे सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळावे भरत आहेत. मेळावा डिसेंबरात असला, तरी त्याची हालचाल वर्षभर आधी सुरू होते. कुणी तरी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढतो, तीन-चार जण मनावर घेतात, नंबर जमा होऊ लागतात आणि एके दिवशी स्मरणिकेसाठीचे माहितीपत्रक येऊन पडते. पासपोर्ट आकाराचा फोटो, नाव, जन्मतारीख, निवृत्तीच्या वेळचा हुद्दा, संस्थेचे नाव, जोडीदार काय करतो, मुले कुठे असतात, परदेशप्रवास, पुरस्कार, छंद. सगळ्यात शेवटी ‘कॉलेजची एखादी आठवण’ आणि तिच्यासाठी दोन ओळींची जागा.

या कागदाला मी फार मोल देतो. सत्तरी गाठलेला माणूस स्वतःच्या आयुष्याबद्दल चार ओळी लिहायला बसतो, असे आपल्याकडे सहसा घडत नाही. आत्मचरित्र लिहिणारे मोजके. बाकीच्यांच्या जगण्याची लेखी नोंद सेवापुस्तकात, सातबाऱ्यावर आणि रेशनकार्डावर असते, तेवढीच. मुलांना सांगावे, तर त्यांना वेळ नसतो, आणि काही गोष्टी मुलांना सांगायच्याही नसतात. जुन्या वर्गमित्राला मात्र त्या सांगता येतात. त्याने आपल्याला काहीच नसताना पाहिलेले असते, खानावळीचे बिल थकलेले पाहिलेले असते, त्यामुळे त्याच्यापुढे काही सिद्ध करायचे उरत नाही. एरवी अबोल असलेली माणसे या निमित्ताने पान-पान लिहितात, बायपासबद्दल लिहितात, गेलेल्या मुलाबद्दल लिहितात. म्हणूनच त्या कागदावरचे रकाने कुणी आणि कसे आखले, याकडे बारकाईने पाहायला हवे.

अशा बऱ्याच स्मरणिका मी गेल्या काही वर्षांत वाचल्या. १९७६च्या आसपासच्या बॅचमध्ये बँकवाले भरपूर असतात. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, पुढच्या दशकात तालुक्या-तालुक्यात शाखा निघाल्या आणि शेतकऱ्याचा, शिंप्याचा, शिक्षकाचा मुलगा पहिल्यांदा काउंटरच्या आत जाऊन बसला. त्यांच्याबरोबर एलआयसी, वीज मंडळ, एसटी, जिल्हा परिषदेच्या शाळा. घरातला पहिला पगार आणणारी ही पिढी. तिने धाकट्या भावंडांची शिक्षणे केली, बहिणींची लग्ने केली, घरावर पत्र्याच्या जागी स्लॅब टाकला. त्यांनी आपला हुद्दा अभिमानाने लिहावा. तो त्यांनी कष्टाने मिळवलेला आहे.

पण त्याच स्मरणिकांत मधूनच एखादे पान जवळजवळ कोरे दिसते. अशा एका पानावर हुद्द्यापुढे ‘शेती’ असे लिहिले होते आणि बाकी सगळ्या रकान्यांत नुसती आडवी रेघ. संयोजकांपैकी एकाला ते बरे वाटेना. त्याने फोन लावला आणि तासभर तो मित्र बोलत राहिला. वडील गेले तेव्हा तो शेवटच्या वर्षाला होता. परीक्षा दिली, पास झाला, पण नोकरीच्या अर्जाला हात लावला नाही, कारण पाठीवर चार भावंडे होती. गावात दूध संस्था निघाली तेव्हा हिशेब लिहिता येणारा तोच एक, म्हणून सचिवपद त्याच्याकडे आले आणि ते त्याने पुढे कित्येक वर्षे सांभाळले. रोज पहाटे कॅन मोजायचे, फॅट लावायची, गाडी रवाना करायची, मग शेतावर. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचे सगळे त्यानेच केले. यातले एकही वाक्य माहितीपत्रकात बसणारे नव्हते. हुद्दा नाही, पुरस्कार नाही, परदेश नाही. त्याने रेघा मारल्या त्या संकोचाने नव्हेत. त्याला जे विचारले गेले, त्याचे खरे उत्तर त्याने दिले होते.

इतके तरी बरे की त्याच्यापर्यंत कागद पोहोचला होता. ज्यांच्यापर्यंत तो जातच नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मेळाव्याची यादी कुठून येते? बहुतेक ठिकाणी ती शेवटच्या वर्षाच्या निकालपत्रावरून किंवा निरोप समारंभाच्या ग्रुप फोटोवरून केली जाते. म्हणजे जो पास झाला किंवा निदान शेवटच्या वर्षापर्यंत टिकला, तो आपला. आता १९७६ साली पदवी घेणाऱ्यांनी कॉलेजात पाऊल कधी ठेवले ते आठवा. अकरावीची जुनी मॅट्रिक, मग प्री-डिग्री किंवा पी.यू.सी., मग पदवीची तीन वर्षे. म्हणजे प्रवेश जून १९७२चा. मराठवाड्यात, नगर-सोलापुरात, सांगली-साताऱ्याच्या पूर्व भागात ज्यांनी ते साल पाहिले, त्यांना पुढचे सांगण्याची गरज नाही. त्याआधीची दोन वर्षेही पावसाने ओढ दिलेली होतीच, त्यावर हे साल आले. विहिरी आटल्या, जनावरे छावणीत गेली किंवा बाजारात मातीमोल गेली, आणि अख्खी गावे खडी फोडायला, नाला बंडिंगला, पाझर तलावाच्या कामाला लागली. मे १९७३मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या जवळपास माणसे होती. घरची तरणी पोरे त्या कामांवर असणे हा त्या वर्षीचा नियम होता. कॉलेजात असणे हा अपवाद.

तालुक्याच्या, जिल्ह्याच्या गावी खोली घेऊन राहणाऱ्या पोरांना सकाळच्या एसटीने घरून डबा यायचा. जर्मनचा डबा, फडक्यात घट्ट बांधलेला, झाकणावर नाव कोरलेले. स्टँडवर गाडी लागली की पोरे धावत जाऊन आपापला डबा हुडकायची. त्या वर्षी डब्यात पांढऱ्या ज्वारीच्या जागी परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी येऊ लागली. कधी कधी कामावर वाटलेली सुकडी यायची, म्हणजे घरच्यांनी स्वतःच्या तोंडची काढून पाठवलेली. मग एखाद्या मुलाचा डबा एक दिवसाआड येऊ लागे. खोलीतले मित्र त्याला आपल्यातली भाकरी देत. मग एक दिवस डबा यायचाच बंद होई, आणि आठवड्याभरात तो मुलगा वळकटी बांधून त्याच एसटीने गावी जाई. ईबीसीची सवलत होती, फी माफ होत होती. पण खोलीचे भाडे आणि दोन वेळचे जेवण कोण माफ करणार? सरांनी दोन महिने हजेरीत त्याचे नाव पुकारले. नंतर त्या नावावर तांबडी रेघ ओढली गेली.

तो तुमच्या बॅचचा नाही काय? त्याच बाकावर तो बसला होता, त्याच डब्यातले त्याने खाल्ले होते. त्याच्या वह्या वाचून कुणी तरी पहिले वर्ष पास झाले असेल. पन्नास वर्षांनी तुम्ही एकमेकांना ‘काय केलेस रे आयुष्याचे’ असे विचारता, तेव्हा तो प्रश्न सगळ्यांत आधी त्याला विचारायला हवा. आपल्या सगळ्यांच्या आयुष्याला फाटा फुटला तो त्या वर्षी, आणि दुसऱ्या वाटेने गेलेला माणूस तो आहे. त्याची हकीकत नसेल, तर १९७२च्या बॅचचा इतिहास अर्धाच राहतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे की यादी निकालपत्रावरून करू नये. पहिल्या वर्षाचा हजेरीपट किंवा प्रवेशाचे रजिस्टर काढावे आणि त्यातल्या प्रत्येक नावाला पत्र जावे, रेघ ओढलेल्या नावांनाही. अमेरिकेतल्या अनेक महाविद्यालयांत पदवी न घेता बाहेर पडलेला विद्यार्थीही आपल्या बॅचचाच समजला जातो. हार्वर्डमध्ये तर प्रत्येक बॅचचे पुस्तक दर पाच वर्षांनी निघते आणि त्यात ज्याने त्याने आपली हकीकत स्वतःच्या शब्दांत लिहिलेली असते. अमेरिकेचे सगळेच घ्यावे असे नाही, पण हा रिवाज घेण्याजोगा आहे.

मुलींच्या बाबतीत तर यादी असूनही उपयोग होत नाही. हजेरीपटात माहेरचे नाव आहे. लग्नात ताटातल्या तांदळांत नवऱ्याने बोटाने नवे नाव लिहिले आणि आडनावाबरोबर पहिले नावही गेले. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत लग्न झाले आणि जूनमध्ये कॉलेजात परतली नाही, अशा मुली त्या काळी प्रत्येक वर्गात होत्या. फेसबुकवर त्या जुन्या नावाने सापडत नाहीत, मतदारयादीत सापडत नाहीत. त्यांना शोधण्याची एकच वाट आहे, ती माहेरच्या गावातून जाते. भाऊ नसेल तर भाच्याकडून, भाचा नसेल तर शेजारच्या घराकडून. हे काम मेळाव्याच्या महिला सदस्यांवर सोपवून मोकळे होण्याची प्रथा पडली आहे, ती बरोबर नाही. ज्या मित्राचे गाव त्या बाजूचे आहे, त्याने मोटारसायकल काढून जावे. आणि ती सापडली, तर माहितीपत्रकात तिचे जुने नाव आधी छापावे. त्या नावाने तिला हाक मारणारी माणसे आता फार थोडी उरली असतील.

रकान्यांचा उगम कुठे आहे तेही सांगितले पाहिजे. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण असतात, त्यांनी दिलेली देणगी लाखांत नोंदवायची असते. त्यामुळे महाविद्यालयाच्या कार्यालयाला हुद्दा आणि कंपनी हवी असते. त्यात गैर काही नाही. अशा देणग्यांतून ग्रंथालये उभी राहिली आहेत, गरजू मुलांची जेवणे चालली आहेत. पण ती कार्यालयाची गरज आहे. तिच्यासाठीचा तक्ता वेगळा भरून घ्यावा. तोच तक्ता मित्रांच्या हाती देऊन त्याला स्मरणिका म्हणू नये. स्मरणिकेच्या कागदावर एकच ओळ छापावी: ‘कॉलेज सुटल्यापासून आजवर काय काय झाले, ते तुला वाटेल तसे लिही.’ खाली पूर्ण पान मोकळे. ज्याला हुद्दा सांगायचा आहे तो सांगेलच. ज्याला लिहिणे जमत नाही, त्याला फोन करून त्याचे बोलणे रेकॉर्ड करावे आणि कुणी तरी ते उतरून काढावे. जे हयात नाहीत, त्यांना आज श्रद्धांजलीच्या पानावर अंगठ्याएवढा फोटो मिळतो. त्यांचेही एक पान असावे, आणि ते पत्नीने, पतीने किंवा मुलीने लिहावे.

यावर एक हरकत हमखास येते. अर्ध्यावर गेलेल्यांना बोलावले, तर त्यांनाच अवघडल्यासारखे होईल, असे म्हणतात. हा निर्णय आपण त्यांच्या वतीने का घ्यावा? निमंत्रण जावे, यायचे की नाही ते त्यांनी ठरवावे. अवघडलेपण येते ते आपण उभ्या केलेल्या गोष्टींमुळे. हायवेवरच्या रिसॉर्टमध्ये दोन दिवसांचा मुक्काम, माणशी काही हजारांची वर्गणी, सगळ्यांना सारखे ब्लेझर आणि व्यासपीठावरून देणगीदारांची नावे. ज्याची पेन्शन महिन्याला हजार-दीड हजार आहे, तो या सगळ्याला काय म्हणणार? तो ‘तब्येत बरी नसते’ असे कळवतो आणि आपण ते खरे मानतो. मेळावा कॉलेजच्याच सभागृहात घ्यावा. जेवण पटांगणात मांडव घालून करावे. वर्गणी ज्याला जेवढी झेपेल तेवढी, आणि ती कुणी किती दिली हे फक्त खजिनदाराला माहीत असावे.

हे सगळे करायचे, तर आधी ते रजिस्टर मिळायला हवे. पन्नास वर्षांपूर्वीचे प्रवेशाचे रजिस्टर बऱ्याच महाविद्यालयांत अजून आहे, पण कुठे माळ्यावर आहे, कुठे वाळवीने खाल्ले आहे, कुठे इमारतीचे नूतनीकरण होताना रद्दीच्या ढिगात निघाले आहे. प्राचार्यांना रीतसर अर्ज द्या, जुन्या हेडक्लार्कला गाठा. तो निवृत्त झाला असेल, पण कपाट कोणते ते त्यालाच ठाऊक असते. पानांचे फोटो काढून घ्या आणि नावे गावांप्रमाणे वाटून घ्या. मेळावा डिसेंबरात असेल, तर गणपतीच्या आत यादी हातात आली पाहिजे. दिवाळीला माहेरवाशिणी गावी येतात, तेव्हा त्या भेटतील.