कर्जमाफीचा नाद कुणाला? वेळेवर भरणाऱ्याचा हिशेब कोणीच मांडेना

अहमदपूरचे आमदार आणि राज्याचे सहकारमंत्री बाबासाहेब पाटील ऑक्टोबर २०२५ मध्ये जळगाव जिल्ह्यात बोलताना म्हणाले की लोकांना कर्जमाफीचा नाद लागलाय. त्याच भाषणात पुढं असंही बोलून गेले की आम्हाला निवडून यायचं असतं, म्हणून आम्ही आश्वासनं देतो. विरोधक तुटून पडले, मंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि बातमी दोन दिवसांत मागं पडली.

गावागावांत मात्र ती मागं पडलेली नाही. सोसायटीच्या ओट्यावर अजून तिचा विषय निघतो. त्यात एका प्रकारच्या माणसाची मोठी पंचाईत झालीय. मंत्र्यांचं पहिलं वाक्य त्याला मनातून पटलेलं होतं. दुसरं वाक्य ऐकून तो गप्प झाला.

हा माणूस प्रत्येक गावात असतो. पन्नाशी-साठीचा, पाच-सात एकरवाला. मे-जूनमध्ये पीक कर्ज उचलायचं आणि मार्चमध्ये नवं-जुनं करायचं, त्यात खंड नाही. सोयाबीन मातीमोल गेलं त्या वर्षीसुद्धा हातउसने घेऊन, नाहीतर घरातलं सोनं गहाण ठेवून त्यानं सोसायटीचे पैसे भरले. सातबाऱ्यावर थकबाकीचा शिक्का नको, चारचौघांत नाव निघायला नको, एवढंच त्याचं राजकारण. देवधर्म पाळणारा, जुन्या वळणाचा. दहा-बारा वर्षांपासून मत कमळाला किंवा कमळाच्या मित्रपक्षाला. २०२४ च्या विधानसभेला लातूर जिल्ह्यातल्या ६ पैकी ५ जागा महायुतीला गेल्या, त्यात याचं मत धरलेलं आहे.

त्याचा राग विरोधकांवर आहे, आणि त्या रागाला कारणंही आहेत.

जून २०२४ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना आली, महिन्याला १५०० रुपये. तेव्हा विरोधकांनी तिजोरीचा हिशेब मागितला, पैसा आणणार कुठून म्हणून विचारलं. प्रश्न बरोबरच होता. पण नोव्हेंबर उजाडला आणि त्याच महाविकास आघाडीनं महालक्ष्मी योजनेतून ३ हजार रुपयांची गॅरंटी दिली. शिवाय ३ लाखांपर्यंत कर्जमाफी. सोयाबीनला ७ हजारांचा भाव. ज्यांनी दीड हजारावर हिशेब मागितला, त्यांनी तीन हजाराचा हिशेब दिला नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं तर उद्धव ठाकरेंनी हेक्टरी ५० हजारांची मागणी लावून संभाजीनगरात हंबरडा मोर्चा काढला. मागणी चुकीची होती असं नाही. मांजरा-तेरणेच्या काठी ज्यांची माती वाहून गेली त्यांना पन्नास हजारही कमीच. पण सत्तेत असताना काय दिलं आणि बाहेर बसून काय मागतात, यातला फरक या माणसाच्या डोळ्यावर येतो. 'ह्यांना फक्त आकडा डबल करता येतो,' असं तो म्हणतो.

इथपर्यंत त्याचं म्हणणं खोडायला अवघड. अडचण पुढं आहे.

आकडा चढवण्याचा खेळ त्याच्या बाजूच्यांनीही तितक्याच जोरात खेळला. दीड हजाराचे २१०० करू, असं महायुतीनं सांगितलं. ते अजून झालेले नाहीत. कर्जमाफीचा शब्द महायुतीनंही दिला होता. सोयाबीनला ६ हजारांचा भाव प्रचारात भाजपनंच बोलून दाखवला. निवडणूक झाली, २३० जागा आल्या, आणि मार्च २०२५ मध्ये अर्थमंत्री अजित पवारांनी बारामतीत स्पष्ट सांगितलं की ३१ मार्चच्या आत पीक कर्जाचे पैसे भरा. जे थकले होते ते हसले. जो दरवर्षी भरतोच, त्याला आपण भरलं ते शहाणपण का मूर्खपणा, हेच कळेना.

मग २०२५ चा पावसाळा गेला, बच्चू कडूंचं नागपूरचं आंदोलन झालं, आणि ३० ऑक्टोबरला मुख्यमंत्र्यांनी ३० जून २०२६ च्या आत निर्णय घेऊ म्हणून सांगितलं. प्रवीण परदेशींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. म्हणजे पुन्हा तारीख. तारीख कळली की वसुली थांबते, हे सांगायला समिती लागत नाही, कुठल्याही गटसचिवाला विचारा. माफी येणार असं वाटलं की भरणारेही हात आखडतात. खालून वसुली आली नाही तरी सोसायटीला वर जिल्हा बँकेला द्यायचं असतंच, आणि मग अनिष्ट तफावत वाढते. ती वाढली की नवं कर्ज अडतं. कुणाचं? ज्यानं भरलं त्याचंही.

आतापर्यंतच्या माफ्यांमध्ये वेळेवर भरणाऱ्याच्या पदरात काय पडलं ते बघा. २००८ ला केंद्राची माफी आली, ५ एकरांच्या आतल्या थकबाकीदाराचं सगळं कर्ज गेलं. मराठवाड्यातल्या कोरडवाहू माणसाकडं कागदावर सात-आठ एकर असते, पिकत काही नसतं, तो पूर्ण माफीच्या बाहेर राहिला. ज्यानं भरलं होतं तो तर हिशेबातच नव्हता. २०१७ ला फडणवीस सरकारनं दीड लाखापर्यंतचं माफ केलं, नियमित भरणाऱ्याला जास्तीत जास्त २५ हजार. २०१९ ला ठाकरे सरकारनं २ लाखांपर्यंत माफ केलं, नियमित भरणाऱ्याला ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन जाहीर केलं. ते पैसे खात्यावर पडायला २०२२ उजाडलं, तोवर मुख्यमंत्रीही बदलले होते. दोन्ही बाजूंची सरकारं होती. थकवणाऱ्याला दीड-दोन लाख, भरणाऱ्याला पंचवीस-पन्नास हजार, हे गणित मात्र दोघांचं सारखंच.

एक रुपयाच्या पीक विम्याची गोष्ट तर या माणसाच्या जास्तच जिव्हारी लागलीय. आधी खरिपात विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के हप्ता शेतकऱ्याला भरावा लागायचा. खरीप २०२३ पासून राज्यानं तो स्वतः उचलला, शेतकऱ्यानं फक्त १ रुपया द्यायचा. ऐकायला भारी वाटलं. झालं काय, की अर्जामागं केंद्रचालकाला कंपनीकडून ४० रुपये मिळायचे आणि शेतकऱ्याचा जायचा रुपया, मग अर्जांचा पूर आला. दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवर, लावलीच नाहीत अशा पिकांवर विमा उतरवला गेला. बोगस अर्जांची ओरड झाली, आणि खरीप २०२५ ला सरकारनं योजनाच बदलली. पुन्हा २ टक्के हप्ता. तो भरायला या माणसाची ना नव्हती. पण हप्त्याबरोबर बाकीचे ट्रिगरही काढले. अवेळी पाऊस, ढगफुटी, काढून ठेवलेलं पीक भिजणं, यावर आधी ७२ तासांत तक्रार करता यायची, ते बंद. आता फक्त पीक कापणी प्रयोगावर, मंडळाचं सरासरी उत्पादन बघून भरपाई. आणि त्याच वर्षी सप्टेंबरला असा पाऊस पडला.

फुकटाच्या योजनेचा फायदा लुबाडणाऱ्यांनी घेतला, बदनामी सगळ्या शेतकऱ्यांची झाली, आणि पदरचा हप्ता भरून विमा काढणाऱ्याचं संरक्षण गेलं. लाडक्या बहिणीचंही वेगळं नाही. जुलै २०२५ ला सरकारनंच २६ लाखांवर नावांचा लाभ थांबवला, त्या तपासणीत १४ हजारांवर पुरुषही निघाले. मग केवायसीच्या रांगेत उभी राहिली कोण? जिचा नवरा वारला, जिच्या मोबाइलवर ओटीपी येत नाही, ती.

आता याची दुसरी बाजू. जुन्या वळणाच्या या माणसाला ती आवडणार नाही.

'लोकांना फुकटाची सवय लागली' म्हणणाऱ्याच्या खात्यावरसुद्धा पीएम किसानचे ६ हजार आणि नमोचे ६ हजार पडतातच. साडेसात एचपीपर्यंतच्या मोटारीचं बिल २०२४ पासून माफ आहे, त्यात त्याचीही मोटार आली. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत भरलं तर व्याज शून्य, ते व्याज केंद्र आणि राज्य मिळून सोसतं. त्यानं ते घेऊ नये असं कुणी म्हणणार नाही. पण मदत घेणारे ते आळशी आणि घेत नाही तो कष्टाळू, अशी रेघ गावात ओढताच येत नाही.

आणि सोयाबीनचा हिशेब केला तर मदत मागणाऱ्याला शिव्या घालणंही अवघड होतं. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये. लातूरचा अडत बाजार सोयाबीनसाठी राज्यात नावाजलेला, तिथंही २०२५ च्या हंगामात भाव त्याच्या बराच खाली राहिला. केंद्राची खरेदी आहे, पण तिथं नोंदणी, नंबर, ओलाव्याची अट, आणि भिजलेला माल तर परतच. समजा क्विंटलमागं ८०० रुपये कमी मिळाले आणि पाच एकरांत ३० क्विंटल निघालं, तर २४ हजार गेले. दोन्ही सन्मान योजनांचे वर्षाचे मिळून १२ हजार येतात. जेवढं खात्यावर पडलं त्याच्या दुप्पट आडतीवर सांडलं.

हा भाव आपोआप पडला नाही. देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. सप्टेंबर २०२४ ला केंद्रानं कच्च्या तेलावरचं आयात शुल्क वाढवलं, निवडणुका होत्या. ३० मे २०२५ ला मूळ शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणलं, पेरणीच्या तोंडावर. त्यात इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा धान्याचा चोथा कोंबडी खाद्यात स्वस्तात जायला लागला, सोयापेंडीचा उठाव कमी झाला. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ऑगस्ट २०२५ ला काढलं आणि पुढं डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं. कांद्याची निर्यात डिसेंबर २०२३ ला बंद करून मे २०२४ पर्यंत बंदच ठेवली. यातला एकही निर्णय महाविकास आघाडीनं घेतलेला नाही.

शरद जोशींनी चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हटलं तेव्हा त्यांना हेच सांगायचं होतं. सूट-सबसिडीला त्यांचा विरोध होता. पण शेतीचं कर्ज धोरणामुळं लादलेलं आहे, म्हणून ती माफी नाही तर मुक्ती, असंही तेच म्हणायचे. आज या घोषणेचं पहिलं अर्धं उजवीकडचे बोलतात, दुसरं अर्धं डावीकडचे. पूर्ण घोषणा द्यायला कोणी तयार नाही, कारण दाम द्यायचे तर शहरात तेल आणि कांदा महाग होतो. त्यापेक्षा हप्ता सोडणं सोपं.

आणि तो हप्ता येतो कर्जातून. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातच राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात जाईल असा अंदाज होता, महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर. लाडकी बहीणसाठी ३६ हजार कोटी धरले होते. आनंदाचा शिधा याच ओढाताणीत बंद पडला. विरोधकांनी यावर सरकारला धारेवर धरायला पाहिजे होतं. पण तीन हजाराचं आश्वासन देऊन बसलेल्यानं कुठल्या तोंडानं धरायचं? या माणसाचा विरोधकांवर खरा राग असायला हवा तो इथं. त्यांनी जास्त मागितलं यापेक्षा, हिशेब मागायचा अधिकार स्वतःच घालवला, हे मोठं.

झेडपी आणि पंचायत समितीच्या निवडणुका तोंडावर होत्या. दोन्ही बाजूंचे उमेदवार गावात येणार होते, एक म्हणणार होता तीस जूनला माफी होणार, दुसरा म्हणणार होता होणार नाही. वेळेवर भरणाऱ्याच्या मनात वेगळेच प्रश्न होते. समिती थकबाकीची तारीख कोणती धरणार? मार्चमध्ये नवं-जुनं केलं तर यादीत नाव राहणार का उडणार? नियमित भरणाऱ्याला या वेळी काही देणार असाल तर किती, आणि कोणत्या वर्षी? मार्च २०२६ च्या आत याचं उत्तर मिळालं नाही, तर जिल्ह्यातल्या सोसायट्यांच्या वसुलीत पहिल्यांदाच अशी नावं थकबाकीदारांत दिसतील, ज्यांच्या वडिलांनी आणि आजानंसुद्धा कधी हप्ता चुकवला नव्हता, अशी भीती होती.