आधी संघ, मग बोली

प्रो कबड्डीच्या 2023 च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी 2 कोटी 60 लाख 50 हजार मोजले आणि संघ तळाला राहिला. पुणेरी पलटणनेही इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर 2 कोटी 35 लाख लावले, पण विजेतेपद पटकावलं. असं का? पलटणकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत ही तरुण पोरं आधीच मुरलेली होती. बचावपटू फझल अत्राचली संघ सोडून गेल्याने डावा कोपरा तेवढा रिकामा होता. चढाईपटूचा पाय बोनस रेषेकडे सरकताच झेपावून घोटा धरणारा गडी हवा होता. तोच त्यांनी घेतला. पुढच्याच हंगामात शादलू हरियाणाकडे गेला आणि तेही जिंकले, म्हणजे मोठी बोली वाईट नसते. ती कुठल्या जागेसाठी लावता, हे महत्त्वाचं.

आपल्या वाशिम जिल्ह्यात, रिसोड असो की मानोरा, कबड्डी मंडळांपुढे हाच प्रश्न आहे. वर्गणीचा पैसा एका पाहुण्या चढाईपटूवर उधळू नका, ही आमची कळकळीची विनंती. आधी गावातल्या पोरांसाठी मॅट, प्रशिक्षक आणि खुराक बघा. त्यातून उरलं, तर कोपरा भरायला बाहेरून जरूर आणा.