विश्लेषण : घरातला शंभर वर्षांचा क्रूस मुशीत जातो, तेव्हा काय हरवतं? कवठे महांकाळच्या गलाईवाल्यांचा याच्याशी काय संबंध?

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर स्क्रोल करताना 'हजार वर्षांपूर्वीचा बायझंटाइन क्रॉस' अशी जाहिरात तुमच्याही नजरेस पडली असेल. हिरवट पडलेला काशाचा छोटा क्रूस, त्याला काळा दोरा आणि खाली किंमत. असे क्रूस जमवणारे जगभर आहेत आणि आता भारतातही हा छंद वाढतोय.

गंमत अशी की, परदेशातला बिननावाचा क्रूस लोक हजारो रुपये मोजून घेतात. पण गोवा, वसई, केरळमधल्या घरांतले खरे जुने क्रूस सराफाच्या काट्यावर निव्वळ वजनाने विकले जातात. तिथून ते गलाईच्या दुकानात पोहोचतात. आणि त्या दुकानात भट्टीसमोर बसलेला माणूस बऱ्याचदा आपल्या कवठे महांकाळ, खानापूर, आटपाडी किंवा तासगाव तालुक्यातला असतो.

क्रूस हा दागिना कधीपासून झाला?

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या तीन शतकांत क्रूस गळ्यात घालण्याची पद्धत जवळपास नव्हती. रोमन साम्राज्यात क्रूस ही गुन्हेगारांना मारण्याची जागा होती. तेव्हाचे ख्रिस्ती लोक अंगठीवर मासा किंवा नांगर अशी चिन्हं कोरायचे. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने या धर्माला आश्रय दिला आणि चित्र बदललं. पुढच्या शतकांत यात्रेकरू आणि सैनिक काशाचे क्रूस गळ्यात घालू लागले. काही क्रूस आतून पोकळ, डबीसारखे उघडणारे असत आणि त्यात संतांचे अवशेष ठेवले जात. आज जमवणाऱ्यांची सर्वाधिक मागणी याच प्रकारांना आहे.

आपल्याकडचे जुने क्रूस कुठले?

केरळमधल्या सिरियन ख्रिस्ती समाजात लग्नात 'मिन्नू' बांधतात. पानाच्या आकाराचं छोटं सोनं आणि त्यावर बारीक मण्यांचा क्रूस. मंगळसूत्राची रीत आणि क्रूस एकाच दागिन्यात आलेले दिसतात.

गोवा 1510 मध्ये पोर्तुगीजांकडे गेला आणि वसई 1534 मध्ये. तिथे दागिन्याची घडण युरोपची असली, तरी हात बहुतेक वेळा स्थानिक सोनाराचाच होता. जुन्या गोव्यात बॉम जीझस बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष ज्या चांदीच्या पेटीत आहेत, ती 1636-37 मध्ये गोव्याच्याच कारागिरांनी घडवली. अशा कामाचे नमुने पाहायचे असतील तर जुन्या गोव्यातच सांता मोनिका मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. ते 1994 मध्ये राशोल इथे सुरू झालं आणि 2002 मध्ये या मठात आलं.

थोडक्यात, हे दागिने जेवढे ख्रिस्ती धर्माचे, तेवढेच आपल्या सोनारकामाचेही आहेत.

मग ते मुशीपर्यंत कसे पोहोचतात?

कारण साधं आहे. घरात लग्न निघतं, मुलाची फी भरायची असते, आजीचा डाग जुन्या घडणीचा वाटतो. 2025 मध्ये सोन्याने 10 ग्रॅमला एक लाखाचा टप्पा ओलांडल्यावर तर मोड विकण्याचा मोह आणखी वाढला.

त्यात हॉलमार्कचा नियम आहे. 1 एप्रिल 2023 पासून, काही अपवाद सोडले तर, सराफाला एचयूआयडी क्रमांकाशिवाय सोन्याचा दागिना विकता येत नाही. ग्राहक आपला जुना डाग सराफाला विकू शकतो, पण सराफाने तो तसाच पुढे विकायचा तर आधी हॉलमार्क करून घ्यायला हवा. जुन्या दागिन्यात सांधे जोडायला हलका धातू वापरलेला असतो, कस सगळीकडे सारखा नसतो. त्यापेक्षा आटवून टाकणं सोपं.

म्हणून तो गलाईवाल्याकडे जातो. तिथे मूस तापते, तेजाब वापरून भेसळ वेगळी होते आणि शुद्ध सोन्याची लगड हातात येते. सोनं एक गुंजही कमी होत नाही. पण तो कुणी घडवला, कोणत्या घरात होता, त्यावर कोणती अक्षरं होती, हे सगळं त्या दहा मिनिटांत कायमचं जातं.

न वितळवलेल्या वस्तूचं काय होतं?

उत्तर सातारा जिल्ह्यातच आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर एक मोठी घंटा आहे. त्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि 1707 हे साल आहे. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून आणल्या गेल्या. त्यातलीच ही एक. तेव्हा ती घंटा ओतून कुणी तोफ किंवा भांडी केली असती, तर आज मेणवलीत दाखवायला काहीच उरलं नसतं.

ऑनलाइन मिळणारा 'प्राचीन' क्रूस खरा असतो का?

असेलही, पण फोटोवरून कळत नाही. टंच काढणारं एक्सआरएफ मशीन धातूचं प्रमाण सांगतं, वय नाही. नव्या काशावर हिरवा थर रसायनांनीही चढवता येतो. त्यामुळे खरा पुरावा म्हणजे वस्तूचा प्रवास : ती कुठे सापडली, कुणाकडे होती, कागद काय आहेत. 'युरोपातल्या जुन्या संग्रहातून' एवढंच लिहिलेलं असेल, तर एकतर वस्तू बनावट असू शकते किंवा कुठून तरी चोरून खणलेली. युरोपीय संघाने जून 2025 पासून 250 वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तू बाहेरून आणायला परवाना सक्तीचा केला, तो याच कारणाने.

भारतातला कायदा काय सांगतो?

1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची किंवा धर्माशी निगडित वस्तू 'पुरावस्तू' ठरते. ती घरात ठेवणं गुन्हा नाही. पण तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. तसं केल्यास किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षं कैद होऊ शकते. म्हणजे आजीचा क्रूस परदेशी ग्राहकाला कुरिअर करणं महागात पडू शकतं.

शेतात नांगरताना काही सापडलं तर 1878 चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून जास्त मोलाचं काहीही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. इंग्लंडमध्ये 2009 साली स्टॅफर्डशायरच्या एका शेतात सुमारे 4 किलो सोनं सापडलं, त्यात दुमडलेला क्रूसही होता. शोधणाऱ्याने कळवलं, संग्रहालयांनी सुमारे 33 लाख पौंड मोजले आणि ती रक्कम त्याला व शेतमालकाला मिळाली. आपल्याकडे सरकारने निधी घेतला, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो. घडणीचं, वयाचं मोल त्यात धरलेलं नाही. मग सापडलेली वस्तू गुपचूप मुशीत गेली, तर नवल ते काय?

गलाईवाल्यांनी यात का पडावं?

कारण यात त्यांचाही फायदा आहे. दुष्काळामुळे गाव सोडून देशभर पसरलेल्या या लोकांची जुनी तक्रार आहे की, कुठलाही चोर पकडला की पोलीस आधी गलाईच्या दारात येतात. चोरीचा माल घेतल्याचं कलम, पूर्वीचं आयपीसी 411, आता भारतीय न्याय संहितेचं 317, त्यांच्या डोक्यावर कायम टांगलेलं असतं. जुना, वेगळ्या घडणीचा डाग आला की मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो, वजन, तारीख आणि देणाऱ्याचं नाव-ओळखपत्र एवढी नोंद ठेवली, तर ती इतिहासाच्या कामाची आणि त्यांच्याही बचावाची.

तुम्ही काय करू शकता?

घरातला जुना क्रूस विकण्याआधी त्याचे फोटो काढा आणि तो कुणाचा होता हे घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवा. शक्य असेल तर संग्रहालयाला दाखवा. मोडायचाच झाला, तर निदान त्याची आठवण उरेल. आणि ऑनलाइन 'प्राचीन' क्रूस घेण्याआधी विक्रेत्याला एकच विचारा : हा आला कुठून? उत्तर मिळालं नाही, तर पैसे खिशातच ठेवा.