रयतेच्या मिठाचा हिशेब

सन 1897 मध्ये हिंदुस्थानच्या कारभारावरील खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील एक तरुण प्राध्यापक विलायतेस गेला आणि साम्राज्याच्या कारभाराचा खर्च येथील रयतेस किती जड जातो, हे त्याने राज्यकर्त्यांच्याच आकड्यांच्या आधारे त्यांच्यापुढे मांडले. गोपाळ कृष्ण गोखले यांचा आक्षेप गोऱ्या अंमलदारांचे मुशाहिरे मोठे आहेत एवढ्यापुरता नव्हता. ते मुशाहिरे, त्या भरपगारी रजा आणि समुद्रापलीकडे उपभोगली जाणारी ती निवृत्तिवेतने ज्या शेतसाऱ्यातून आणि मिठावरील ज्या करातून निघतात, तो सारा आणि तो कर भरणाऱ्याच्या पदरात मोबदला म्हणून काय पडते, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. पुढे 1902 मध्ये केंद्रीय कायदेमंडळातील आपल्या पहिल्याच अर्थसंकल्पीय भाषणात, तिजोरीतील वाढती शिल्लक ही रयतेच्या सुबत्तेची खूण नव्हे, असे त्यांनी बजावले; आणि 1903 मध्ये मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, त्यात त्यांच्या आग्रहाचाही वाटा होता.

आज राज्य आपले आहे, अंमलदार आपले आहेत, आणि निवृत्तिवेतन घेणारा गृहस्थ आपल्याच आळीत राहणारा आहे. तरीही गोखल्यांचा प्रश्न शिळा झालेला नाही, किंबहुना स्वराज्यात तो विचारण्याचे दायित्व अधिक आहे. कारण परक्याच्या कारभाराचा दोष परक्यावर टाकता येत असे, आपल्या कारभाराचा दोष मात्र आपल्यावाचून दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही. महाराष्ट्र शासनाच्या 2024-25 च्या अर्थसंकल्पात महसुली जमा सुमारे 5 लाख कोटी रुपये धरली होती. त्यांतून वेतनासाठी सुमारे 1 लाख 59 हजार कोटी, निवृत्तिवेतनासाठी सुमारे 74 हजार कोटी आणि कर्जावरील व्याजासाठी सुमारे 56 हजार कोटी रुपये लागतील, असा अंदाज होता. म्हणजे शंभर रुपयांतील सुमारे अठ्ठावन्न रुपये, एकही नवा पाट, एकही नवी शाळा किंवा एकही नवे रुग्णालय यांचा विचार सुरू होण्यापूर्वीच बांधले गेलेले असतात. उरलेल्या बेचाळीस रुपयांतच बारा कोटींहून अधिक लोकवस्तीच्या राज्याच्या सर्व आकांक्षांना जागा शोधावी लागते.

हे आकडे पाहून सरकारी नोकरांची संख्या बेसुमार वाढली आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो; परंतु तो वस्तुस्थितीस धरून होणार नाही. राज्य शासनाची मंजूर पदे सात लाखांच्या घरात असून त्यांतील दोन लाखांहून अधिक रिक्त असल्याचे गेली काही वर्षे विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत वारंवार सांगितले गेले आहे. एका तलाठ्याकडे दोन-दोन, तीन-तीन सजांचा कार्यभार असतो, प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याची खुर्ची महिनोन्‌महिने मोकळी राहते, आणि फेरफाराच्या एका नोंदीसाठी शेतकऱ्याला मजुरी बुडवून तहसील कचेरीचे हेलपाटे घालावे लागतात. खर्च वाढतो आणि त्याच वेळी जनतेच्या निकट सेवा करणारा माणूस दिसेनासा होतो, हे आपल्या सार्वजनिक नोकरीचे खरे दुखणे आहे. आणि ते ध्यानात न घेता केवळ नोकरकपातीचा घोष करणारे, किंवा केवळ भरतीचा घोष करणारे, दोघेही रोगाच्या अर्ध्याच अंगावर उपचार करीत आहेत.

हा खर्च कसा वाढतो, हे समजण्यासाठी एका पदाचे आयुष्य डोळ्यांपुढे आणावे. पंचविसाव्या वर्षी शासनसेवेत रुजू झालेला मनुष्य अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो आणि, सुदैवाने आयुर्मान वाढले असल्याने, ऐंशी वर्षांपर्यंत जगतो. त्याच्यामागे त्याच्या पत्नीस कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. तेहतीस वर्षांचे वेतन, वर्षातून दोनदा वाढणारा महागाई भत्ता, दर काही वर्षांनी येणारा वेतन आयोग आणि त्यानंतर दोन तपांचे निवृत्तिवेतन असा हा अर्धशतकाहून दीर्घ करार असतो. पण पद मंजूर करणाऱ्या आदेशात चालू वर्षाच्या तरतुदीपलीकडचा आकडा सहसा नसतो. सातव्या वेतन आयोगाची वेतनश्रेणी राज्यात जानेवारी 2019 पासून प्रत्यक्ष लागू झाली, ती 1 जानेवारी 2016 पासूनच्या थकबाकीसह, आणि ती थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत विभागावी लागली. एका निर्णयाचा भार पुढील पाच अर्थसंकल्पांवर पडला, ही गोष्ट बोलकी आहे.

निवृत्तिवेतनाच्या बाबतीत हा भार पिढ्या ओलांडतो. 1 नोव्हेंबर 2005 रोजी वा त्यानंतर सेवेत आलेल्यांना जुनी योजना बंद करून राज्याने अंशदानाची नवी योजना लागू केली. जुन्या योजनेत कर्मचाऱ्याने स्वतः काहीही न भरता अखेरच्या वेतनाच्या निम्म्याची हमी होती. नव्या योजनेत कर्मचारी आपल्या वेतनातून दहा टक्के व शासन आरंभी तेवढेच, पुढे चौदा टक्के भरू लागले, पण अखेरच्या रकमेची हमी नाहीशी झाली. जुनी योजना परत द्या, या मागणीसाठी मार्च 2023 मध्ये राज्यभर आठवडाभर संप झाला. त्या संपकऱ्यांना स्वार्थी म्हणून हिणवणे मला मान्य नाही. निवृत्तिवेतन ही सरकारची खैरात नसून केलेल्या सेवेचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात 1982 मध्येच सांगितले आहे, आणि आयुष्याच्या संध्याकाळी कोणाही श्रमिकाला निश्चिंतता हवी, यात विवाद नाही. विवाद आहे तो या हक्काचे मोल कोण आणि केव्हा चुकवणार यासंबंधी. आज दिलेले वचन तीस वर्षांनी फेडायचे असेल, तर ते फेडणारा करदाता आज पाळण्यात आहे आणि त्याची संमती कोणीही विचारलेली नाही.

या भाराखाली वाकलेल्या शासनाने जी पळवाट शोधली, ती मात्र न्यायाला सोडून आहे. कायम पद महाग पडते, म्हणून तेच काम मानधनावर, रोजंदारीवर किंवा कंत्राटावर करून घ्यायचे, हा प्रघात पडला. 2000 साली सुरू झालेल्या शिक्षणसेवक योजनेत प्राथमिक शाळेतील शिक्षकाला आरंभी दरमहा तीन हजार रुपये मिळत. ते मानधन पुढे सहा हजारांवर गेले आणि 2023 मध्ये सोळा हजार झाले. एकाच शाळेत, एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या शिकवणाऱ्या दोन व्यक्तींच्या प्राप्तीत काही पटींचे अंतर पडले. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या यांच्या कष्टांवर राज्याच्या बालकांचे पोषण आणि मातांचे आरोग्य उभे आहे. तरी त्यांची गणना अजून मानधनाच्याच रकान्यात होते. सप्टेंबर 2023 मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला आणि लोकक्षोभामुळे तो ऑक्टोबरमध्ये रद्द करावा लागला. निर्णय गेला, पण त्याला जन्म देणारी निकड तिजोरीत तशीच राहिली.

आपल्या मुलखात पूर्वी वतने होती. कुलकर्णी दप्तर राखी, पाटील वसूल आणि बंदोबस्त पाही, आणि त्याबद्दल गावाच्या उत्पन्नात त्यांचा हक्क असे. कालांतराने चाकरी क्षीण झाली आणि हक्क तेवढा दृढ राहिला, म्हणून मुंबई राज्याने 1950 मध्ये कायदा करून कुलकर्णी वतने संपवली आणि 1962 च्या कायद्याने महाराष्ट्रात पाटीलकीही गेली. आजची नोकरी वंशपरंपरेने मिळत नाही, गुणानुक्रमाने मिळते, हे आपल्या प्रजासत्ताकाचे भूषण होय. परंतु कामाचा आणि हक्काचा सांधा जेथे सुटतो, तेथे पदाचे वतन होण्यास वेळ लागत नाही. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. ऐन विशी-पंचविशीतील मुले-मुली पुण्याच्या अभ्यासिकांत वर्षांमागून वर्षे घालवतात, कारण शेती परवडत नाही, खासगी नोकरी टिकत नाही आणि शासनसेवेइतकी शाश्वती अन्यत्र कोठेच दिसत नाही. त्यांची ही धाव पाहून मन व्यथित होते; कारण त्यांतील शंभरांपैकी नव्व्याण्णवांच्या हाती अखेर केवळ वाढलेले वय उरणार आहे.

मग करावे काय? प्रथम, कोणतेही पद निर्माण करताना वा वेतनमान वाढवताना त्याचा अखेरपर्यंतचा भार, निवृत्तिवेतनासह, विधिमंडळापुढे आकड्यांत मांडणे शासनावर बंधनकारक असावे. दुसरे, प्रत्येक विभागाचा आकृतिबंध कामाच्या आजच्या स्वरूपावरून नव्याने ठरवावा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 2018 पासून घरबसल्या मिळू लागला असल्याने, नकला उतरवणारी व टपाल पुढे ढकलणारी पदे धारकाच्या निवृत्तीबरोबर संपुष्टात आणावीत आणि त्यांतून वाचलेल्या पैशात परिचारिका, शिक्षक, पोलीस शिपाई व तलाठी यांच्या जागा आधी भराव्यात. तिसरे, जे काम बारमाही आहे ते कंत्राटावर देऊ नये आणि समान कामाच्या मोबदल्यात असे लाजिरवाणे अंतर राहू देऊ नये. चौथे, 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवांना ज्या मुदती घालून दिल्या, त्या पाळण्याशी बढती आणि वेतनवाढ यांचा संबंध जोडावा, म्हणजे चोख काम करणाऱ्या असंख्य कर्मचाऱ्यांचा मान राहील आणि न करणाऱ्यांना पदाचा आडोसा मिळणार नाही.

मिठावरील तो कर आता इतिहासजमा झाला आहे. पण ज्या भूमिहीन मजूर बाईने आयकराचे नावही ऐकलेले नाही, तीही साबणाच्या वडीमागे आणि चपलेच्या जोडामागे कर भरतेच. राज्याच्या तिजोरीतील रुपयात तिच्या घामाचा अंश आहे, आणि त्या रुपयावर पहिला अधिकार कोणाचा हे ठरवताना तिचा आवाज संपात ऐकू येत नाही, मोर्चात ऐकू येत नाही आणि वेतन आयोगापुढे तर मुळीच ऐकू येत नाही. तिचे लेकरू तापाने फणफणले असता आरोग्य केंद्राचे दार उघडे असावे आणि आत परिचारिका हजर असावी, एवढ्यासाठीच ती हा कर देते. सार्वजनिक नोकरीवरील प्रत्येक खर्च या उघड्या दाराशी ताडून पाहिला, तर कोणता खर्च राखायचा आणि कोणता सोडायचा, हे ठरवणे आपल्याला अवघड जाणार नाही.